वर्ल्ड प्रिझन ब्रीफ: फुकटातली भारी साइट, फक्त एकच आकडा उचलून पळू नका

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. आता का ते ऐका, जरा लांबण लागेल.

व्हॉट्सॅपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो, "कैद्यांच्या संख्येत भारत जगात चौथा", खाली लाल रागाचे इमोजी. लगेच कोणीतरी काका उलटा फॉरवर्ड टाकतात, की लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे कैदी जगात अगदी कमी आहेत, बघा आपले संस्कार. मग ग्रुपवर दोन दिवस जुंपलेली. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, आणि दोघांचे आकडे बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून निघालेले असतात, ते ठिकाण म्हणजे ही साइट, वर्ल्ड प्रिझन ब्रीफ. लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक कॉलेजातली एक संस्था ती चालवते, इन्स्टिट्यूट फॉर क्राइम अँड जस्टिस पॉलिसी रिसर्च. रॉय वॉम्सली नावाच्या संशोधकाने २००० साली सुरू केलेलं हे काम, आणि आज जगात कुठेही तुरुंगांवर बातमी आली की त्यातला आकडा फिरूनफिरून इथलाच निघतो. लॉगिन नाही, पैसे नाहीत, "आमचं न्यूजलेटर घ्या" म्हणून तोंडावर येणारी खिडकी नाही. साइट दिसायला साधी, थोडी जुन्या वळणाची, पण मला तीच आवडते, कारण येऊन काम करून निघून जाता येतं.

मी पुण्यात वकिली करते, बरीचशी कामं लीगल एडची (गरिबांना फुकट वकील), म्हणजे कच्च्या कैद्यांचे, खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेल्यांचे, जामीन अर्ज. त्यामुळे ही साइट माझ्यासाठी टाइमपास नाहीये, लेक्चरला, अर्जाच्या तयारीला, कधी कोणाचं तोंड बंद करायला सतत लागते.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पान म्हणजे देशांची चढती-उतरती यादी. एक ड्रॉपडाउन असतो, त्यात निवडायचं की तुम्हाला काय हवंय, एकूण कैदी, दर लाख लोकसंख्येमागे कैदी, कच्च्या कैद्यांची टक्केवारी, बायकांची टक्केवारी, परदेशी कैद्यांची टक्केवारी, की तुरुंग किती टक्के भरलेत ते. खरी मजा इथे आहे. एकच भारत आणि तोच डेटा, पण ड्रॉपडाउन बदलला की आपला देश यादीत कुठून कुठे उडी मारतो ते बघत राहावं.

एकूण कैदी निवडा. २०२४ साली आलेल्या त्यांच्या १४व्या जागतिक यादीत अमेरिका पहिली, १८ लाखांच्या आसपास, मग चीन १६ लाख ९० हजार, ब्राझील ८ लाख ४० हजार, आणि चौथे आपण, ५ लाख ७३ हजार. आपल्या मागे रशिया आणि तुर्की. झालं, पहिल्या फॉरवर्डवाल्याचं काम झालं.

आता दर लाखामागे निवडा. वरून खाली येत राहा, येत राहा, अजून या, पार तळाशी भारत सापडेल, त्याच १४व्या यादीत ४१. जगाची सरासरी १४० च्या आसपास आहे. अमेरिका ५३१. म्हणजे अमेरिकेत सामान्य माणूस गजाआड असण्याचं प्रमाण आपल्या तेरापट. काका खूश.

आणि मग तिसरं निवडा, कच्चे कैदी, आणि इथे काकांना फोन करून बोलवा. खटला संपलेला नाही, शिक्षा झालेली नाही, तरी आत आहेत असे लोक एकूण कैद्यांच्या किती टक्के? भारत ७५.८, २०२२ च्या अखेरीस. आपण जगात पहिल्या वीसात. सोबत कोण, तर हैती वगैरे, जिथे टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग ताब्यात घेतलाय. इंग्लंड-वेल्समध्ये हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आहे, अमेरिकेत साधारण पाव हिस्सा.

माझं या साइटबद्दल जे काही म्हणणं आहे ते एवढ्यातच आहे. तुरुंगाबद्दलचा कुठलाही एकटा आकडा घेतलात तर त्यातून तुम्हाला हवं ते सिद्ध करता येतं, आणि ही साइट चांगली अशासाठी की तिने बाकीचे आकडे तिथेच, एका क्लिकवर ठेवलेत. लोक ती क्लिक करत नाहीत हा लोकांचा प्रॉब्लेम.

भारताचं पान उघडलं की काय दिसतं ते सांगते, कारण पानांची रचना सगळ्या देशांना सारखीच आहे, एकदा कळली की मग कुठलाही देश वाचता येतो. वरती कुठलं मंत्रालय जबाबदार ते. मग एकूण कैदी, आणि त्याच्या शेजारी तारीख आणि सोर्स, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२२ चे आकडे घेऊन बोलते कारण १४वी यादी त्यावर आहे: ५,७३,२२० कैदी, ३१ डिसेंबर २०२२, सोर्स आपला एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, प्रिझन स्टॅटिस्टिक्सचा रिपोर्ट. त्याखाली दर, आणि दर काढताना लोकसंख्या किती धरली तेही लिहिलेलं असतं. हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं हो, भागाकार उघडा करून दाखवणं. १४० कोटी म्हणजे १४,००० लाख, ५,७३,२२० भागिले १४,०००, आलं ४१. ते लोक पर हंड्रेड थाउजंड म्हणतात, आपल्याला लाख सरळ हातात मिळतो, तेवढा एक फायदा. मग कच्चे कैदी, बायका (आपल्याकडे चार टक्क्यांच्या आसपास), परदेशी, तुरुंगांची संख्या १,३३०, अधिकृत क्षमता ४,३६,२६६, आणि भरणा १३१ टक्के. सगळ्यात खाली २००० सालापासूनचा ट्रेंडचा तक्ता.

या एका पानावर मी एक खेळ करते तो तुम्हीही करून बघा. भारताचा दर जगाच्या सरासरीइतका, १४०, असता तर आत किती लोक असते? १४० गुणिले १४,०००, साडेएकोणीस लाखांच्या वर, म्हणजे अमेरिकेला मागे टाकून आपण पहिले. आणि एल साल्वादोरचा दर लावला तर? त्यांचा १४व्या यादीतला दर १,०८६, जगात पहिला, तर आपल्याकडे दीड कोटी लोक आत. २०११ च्या जनगणनेतली अख्खी मुंबई आणि वर पंचवीस-तीस लाख. आता उलटा खेळ, शिक्षा झालेलेच लोक मोजले, २०२२ ला ते १,३३,४१५ होते, तर आपला दर लाखामागे दहासुद्धा होत नाही. म्हणजे त्या ४१ मधले तीसेक जण असे की ज्यांच्याबद्दल कोर्टाने अजून काही ठरवलेलंच नाही. ज्यांना ४१ चा अभिमान वाटतो त्यांनी हे एवढं गणित डोक्यात ठेवून मग अभिमान बाळगावा.

बाकी देशांच्या पानांवर भटकायला वेळ असेल तर ट्रेंडचे तक्ते उघडा, कादंबरीपेक्षा भारी आहेत. रशिया २००० साली दहा लाखांच्या वर कैदी घेऊन बसला होता, १४व्या यादीत ४ लाख ३३ हजार. एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२ ला आणीबाणी लावली, टोळ्यांच्या नावाखाली धरपकड सुरू झाली, पुढच्या वर्षी ४०,००० लोकांचा एकच महातुरुंग उघडला, आणि तक्त्यातली संख्या सरळ आकाशात. नेदरलँड्सचं उलट, त्यांचे तुरुंग इतके रिकामे पडायला लागले की त्यांनी आधी बेल्जियमला आणि मग नॉर्वेला तुरुंग भाड्याने दिले, त्यांचे कैदी ठेवायला. फिनलंडची गोष्ट साइटच्या तक्त्याच्या आधीची आहे पण सांगायलाच हवी, १९५० च्या आसपास तिथला दर दोनशेच्या जवळ होता, शेजारच्या स्वीडन-नॉर्वेच्या कितीतरी पट, त्यांनी ठरवून कायदे बदलले, शिक्षा लहान केल्या, चोरीमारीसाठी आत टाकणं कमी केलं, आणि शतक संपेपर्यंत दर साठच्या आसपास आणला. गुन्हे काही शेजाऱ्यांपेक्षा वेगळे वाढले नाहीत. म्हणून मला कोणी म्हटलं ना, की जास्त गुन्हे म्हणून जास्त कैदी, तर मी फिनलंड काढते. कैद्यांची संख्या किती हे बऱ्याच अंशी सरकार ठरवतं, किती जणांना आत घ्यायचं आणि किती दिवस ठेवायचं यावरून.

आणि दर कमी म्हणजे सगळं छान असंही नाही हां. तळाच्या भागात जपान आहे, आइसलंड आहे, आणि त्यांच्याच आसपास वर्षानुवर्षं मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासारखे देश, जिथे पोलीस आणि कोर्ट राजधानीच्या बाहेर धड पोचतच नाहीत. आपला ४१ नेमका कोणाच्या जवळचा, जपानच्या की त्यांच्या? माझं मत, दोन्हीच्या मधे कुठेतरी. आपल्या खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर केसेस पडून आहेत, खटलाच उभा राहत नाही तर शिक्षा होणार कुठून.

आता तक्रारी. अर्धा स्टार कापलाय तो उगाच नाही.

पहिली, आणि माझ्या दृष्टीने खरी. हे सगळे आकडे एका दिवसाचे आहेत. भारताचा ३१ डिसेंबरचा. त्या रात्री आत किती लोक होते एवढंच. दादर स्टेशनवर रात्री बाराला प्लॅटफॉर्मवरची डोकी मोजायची आणि म्हणायचं की दादरला एवढे प्रवासी, असं झालं ते. एनसीआरबीच्या रिपोर्टमध्ये वर्षभरात तुरुंगात दाखल झालेल्यांचा वेगळा आकडा असतो, तो २०२१ ला अठरा लाखांच्या वर होता. अठरा लाख! पाच लाख त्रेपन्न-चोपन्न हजार तुम्हाला ३१ डिसेंबरला दिसले, पण त्या दारातून वर्षात आत गेले अठरा लाख. कोणी दहा दिवस, कोणी तीन महिने, पण नोकरी जायला दहा दिवस पुरतात. दर लाखामागे ४१ बघणाऱ्याला हे लोक दिसतच नाहीत. कोविडचं वर्ष घ्या, २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने गर्दी कमी करायला सांगितली, राज्याराज्यांत समित्या बसल्या, हजारो लोक जामिनावर, इमर्जन्सी पॅरोलवर बाहेर आले, महाराष्ट्रातसुद्धा. आणि ३१ डिसेंबर २०२० चा आकडा? ४,८८,५११, आदल्या वर्षापेक्षा जास्तच. मधे काय घडलं ते तक्त्यात नाही.

दुसरी, तारखा सगळ्यांच्या वेगळ्या. इंग्लंडचा आकडा अगदी ताजा असतो कारण त्यांचं सरकार दर आठवड्याला छापतं, आपला डिसेंबरचा रिपोर्ट यायलाच वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. काही देशांचे तर अनेक वर्षं जुने. यादीत हे सगळे एकाखाली एक उभे, त्यामुळे अमुक देश तमुकच्या पुढे गेला असं म्हणताना आधी दोघांच्या पानांवर जाऊन तारीख बघावी लागते. यात साइटची चूक नाही म्हणा, सरकारं देतील ते खरं.

तिसरी, चीन. १६ लाख ९० हजार हे फक्त शिक्षा झालेले. खटल्याआधी डांबलेले, इतर नावांखाली ठेवलेले त्यात नाहीत. साइट हे टीपेत स्वच्छ लिहिते, पण टीप वाचतो कोण, यादीत तर चीनचा दर ११९ एवढाच दिसतो. उत्तर कोरिया, सोमालिया, इरिट्रिया यांचे तर आकडेच नाहीत. म्हणून तर जगाची एकूण बेरीज १ कोटी १० लाखांच्या जवळ दाखवून ते स्वतःच म्हणतात की खरी संख्या १ कोटी १५ लाखांच्या वर असावी.

चौथी बारीक आहे पण एमपीएससीवाल्या पोरांना अडचण होते. ब्रिटन म्हणून शोधलं तर एक देश मिळत नाही, इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड अशी तीन पानं, कारण तिथे तीन वेगळ्या व्यवस्था आहेत. आणि छोट्या देशांच्या दरांना हसू नये पण हसू येतंच. २०१५-१६ च्या यादीत सेशेल्स जगात पहिल्या नंबरवर होतं, अमेरिकेच्याही वर, आणि कैदी किती तर साडेसातशेच्या आसपास. देशाची लोकसंख्याच लाखाच्या आत, वर समुद्रात पकडलेले सोमाली चाचे त्यांच्याच तुरुंगात. सॅन मारिनोत तर कैदी बोटांवर मोजण्याइतके, दोन सुटले की टक्केवारी उलटीपालटी.

आणि एक उणीव जी भरून निघणं अवघडच आहे, माणूस कोण ते इथे कळत नाही. बायका, परदेशी, अल्पवयीन, बस. आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांमध्ये साधारण दोन तृतीयांश एससी, एसटी, ओबीसी आहेत, बहुतेकांचं शिक्षण दहावीच्या आतबाहेर, हे बघायला एनसीआरबीच्याच रिपोर्टात शिरावं लागतं. तिथेच हेही दिसतं की २०२२ च्या शेवटी अकरा हजारांच्या वर लोक पाच वर्षांहून जास्त काळ कच्चे कैदी म्हणून आत होते. पाच वर्षं, निकाल नाही.

परदेशी कैद्यांचा कॉलम मात्र आपल्या लोकांनी जरूर उघडावा. आपल्याकडे परदेशी जेमतेम एक टक्का, पण अमिरातीत ८५ टक्क्यांच्या वर, कतारलाही बहुसंख्य. हे परदेशी म्हणजे कोण, तर कामाला गेलेली आपल्याकडचीच माणसं, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो. परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांच्या वर भारतीय आहेत असं आपलं परराष्ट्र खातं संसदेत सांगत असतं. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतला कोणी गल्फला आहे त्यांना हा कॉलम परका वाटणार नाही.

माझ्या कामात ही साइट नक्की कुठे लागते? एक नेहमीचं उदाहरण देते, कोणा एकाचं नाही, असे ढिगाने असतात. मोबाइल चोरीची केस, पोरगा बिगारी कामगार, गाव मराठवाड्यात नाहीतर यूपीत. जामीन मंजूर होतो, पंधरा हजारांचा जामीनदार आणा. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस, त्याचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप नाहीतर घरपट्टीची पावती, वर सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला. या पोराला पुण्यात ओळखतो कोण, मुकादम, आणि तो फोन उचलत नाही. मग कॅश बेलचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख भरण्याचा अर्ज, त्याला तारीख, तारखेला पोलीस गार्ड नाही म्हणून कोर्टात आणलं नाही, व्हिडिओ कॉलवर घेतलं तर आवाज नाही. जामीन झालेला माणूस आत. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त, आर्थर रोडला आठशेच्या जागेत तीन-साडेतीन हजार अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय, बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. ती गर्दी या असल्या पोरांची आहे. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन झाल्यावर महिनाभरात बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करायचा विचार करावा, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे, आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सोडायचं, काही अपवाद सोडून. कागदावर उत्तम. अशा अर्जांवर बोलताना किंवा शिबिरात समजावताना ७५.८ आणि १३१ हे दोन आकडे, शेजारी इंग्लंडचे, एका कागदावर घेऊन गेलं की समोरच्याला जागेवर बसल्याबसल्या कळतं की हे सगळीकडे असंच नसतं.

कोणासाठी आहे ही साइट? पत्रकार, लॉचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षावाले, आणि ग्रुपवर भांडणारे, चौघांनीही बुकमार्क करा. सगळी इंग्रजीत आहे, पण पानावर वाक्यं कमी आणि आकडेच जास्त, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी भागतं. देशांच्या पानांपलीकडे त्यांच्या पीडीएफ याद्या आहेत, एक सगळ्या कैद्यांची, एक फक्त बायकांची, एक फक्त कच्च्या कैद्यांची, प्रिंट काढून ठेवण्यासारख्या. राज्यवार आकडे मात्र इथे शोधू नका, मिळणार नाहीत, महाराष्ट्र-गोव्यासाठी एनसीआरबीचा रिपोर्ट, आणि आजच्या तारखेचा आकडा हवा असेल तर ई-प्रिझन्सचं सरकारी पोर्टल, ते रोज बदलतं.